बोटभर बाप

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत ज्याच्या त्याच्या बेसमेंटमध्ये काहीतरी दडवलेलं असतं. कुणाची दारू, कुणाची धूळ खात पडलेली ट्रेडमिल, कुणाची कधीच न उघडलेली खोकी. संग्राम बोरकरच्या बेसमेंटमध्ये जपानमधलं एक रेल्वे स्टेशन होतं.

अख्खं स्टेशन, जेवणाच्या टेबलाएवढं. लाकडी इमारत, उतरतं कौलारू छप्पर, एकच फलाट आणि एकच रूळ. वेटिंग रूममध्ये रॉकेलची शेगडी, आणि बाकावर रंगीत उशा, गावातल्या म्हाताऱ्या शिवून आणून ठेवायच्या तशा. त्या नखाएवढ्या उशा त्याच्या बायकोच्या, दीपाच्या, जुन्या ब्लाउजच्या तुकड्यांच्या होत्या. फलाटावर जपानी अक्षरांतली पाटी: काझेनो. टोकाला एक झाड, नारिंगी फळांनी लगडलेलं.

आणि फलाटावर दोन माणसं, बोटभर उंचीची, लाकडाची कोरलेली. एक स्टेशनमास्तर. डोक्यावर टोपी, हातात पांढरे मोजे. दुसऱ्याच्या अंगात धोतर, वर स्वेटर, डोक्याला माकडटोपी. दोघांच्या हातांत झाडू. दोघं वाकलेले, एकमेकांसमोर, फलाटाचा एकच तुकडा झाडत असलेले.

माकडटोपीवाला संग्रामचा बाप.

आता हा बाप जपानच्या फलाटावर कसा पोचला, ते आधी सांगायला हवं.

संग्राम नागपूरचा. विहारात एक जपानी भंते यायचे. त्यांच्याकडून पोरगं जपानी शिकलं. पुण्यातल्या पोरांनी क्लास लावून, परीक्षा देऊन जी भाषा मिळवली ती यानं चटया उचलता उचलता मिळवली. पुढे कॉम्प्युटर शिकला आणि जपानी येतं म्हणून एका कंपनीनं त्याला उचलून काझेनो नावाच्या गावात नेऊन टाकलं. गाव म्हणजे एक कारखाना, भाताची शेतं आणि हे स्टेशन. दिवसातून मोजक्या वेळा एका डब्याची गाडी यायची. स्टेशनमास्तर कुबोता. सकाळी तो स्वतः फलाट झाडायचा, हात धुऊन पांढरे मोजे चढवायचा आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकून नमस्कार करायचा. संग्रामलाही.

जपान म्हणजे काही स्वर्ग लागून गेला नव्हता. गाडीत संग्रामच्या शेजारची सीट रिकामीच राहायची, उभं राहतील पण बसणार नाहीत. पण ती परक्या माणसाच्या शेजारची रिकामी सीट होती, खापरपणज्यापासून चालत आलेली नव्हती. फरक कळतो. ज्याला कळत नाही त्याला तो कधी सोसावा लागलेला नाही.

अनिका तिथेच जन्मली. नात बघायला बा आला. बा म्हणजे वऱ्हाडातल्या एका जंक्शनवरचा सफाईवाला, जन्मभर फलाट झाडून रिटायर झालेला. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर तरणाबांड उभा राहून प्रतिज्ञा म्हणून आला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हातात झाडू. त्या जंक्शनच्या मास्तराची खोली त्यानं झाडली की मागून कुणीतरी पाणी शिंपडायचं. बा ते हसत हसत सांगायचा. त्याचं हसणं ऐकवायचं नाही.

तर बा काझेनोत आला, आणि पहिल्याच सकाळी त्यानं बघितलं की साक्षात स्टेशनमास्तर वाकून फलाट झाडतोय. म्हातारा धावत गेला आणि कुबोताच्या हातातला झाडू धरला.

"सायेब, राहू द्या. मी असतानी तुमी कायले झाडता?"

कुबोताला एक अक्षर कळलं नाही, पण त्यानं झाडू सोडला नाही. हा ओढतोय, तो ओढतोय. संग्राम मधे पडला आणि त्यानं जपानीत सगळं सांगितलं. माझे वडील रेल्वेत होते, हेच काम करायचे, तुम्हाला करताना बघवत नाही त्यांना. कुबोतानं ऐकून घेतलं. आत गेला, दुसरा झाडू घेऊन आला आणि दोन्ही हातांनी बापापुढे धरला, वाकून. जशी एखाद्याला शाल द्यावी.

मग बा होता तोवर रोज सकाळी दोघं मिळून झाडायचे. एकमेकांची भाषा कळत नव्हती, कामाची भाषा एकच होती. टोकाचं ते झाड तेंदूच्या जातीचं. त्याकडे बघून बा म्हणाला होता, "हे त आपलंच टेंभरू हाय ना बे. खाऊनपिऊन माजलं इथं येऊन." कुबोतानं त्याचं एक फळ सोलून त्याला दिलं. एकाच सुरीनं दोघांनी खाल्लं.

गावाकडे परत गेल्यावर बानं ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली. कुणी विश्वास ठेवला नाही. "मास्तर झाडते म्हणते बुढा," म्हणून पोरं हसायची.

पुढे संग्राम अमेरिकेत आला. बा गेला. मग एका जुन्या सहकाऱ्यानं कळवलं की काझेनोची लाइन बंद झाली, इमारत पाडली, कुबोता कुठे गेला माहीत नाही. म्हणजे ज्या एका जागी बापाच्या हातातला झाडू खाली बघायला लावत नव्हता, ती जागाच पुसली गेली. त्या हिवाळ्यात संग्रामनं बेसमेंटमध्ये लाकूड आणून टाकलं. बापाचं धोतर त्यानं खऱ्या धोतराच्या तुकड्याचं केलं. झाडूला ब्रशचे केस लावले.

वर हॉलमध्ये मात्र सगळं रीतसर होतं. टीव्हीशेजारी बुद्धाची मोठी मूर्ती. त्यावरून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं, कारण पार्सिपनीत सगळ्यांच्याच घरी बुद्ध असतो. सेलमध्ये मिळतो, सोफ्याला मॅचिंग. अमेरिकेत बुद्ध म्हणजे डेकोर. बाबासाहेबांचा फोटो बेडरूममधल्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला. सकाळी शर्ट काढताना संग्रामला ते दिसायचे. दार लावलं की नाही.

"खोटं कुठे बोलतोय आपण?" दीपा म्हणायची. "कुणी विचारलंय का? विचारल्याशिवाय सांगायचं कशाला?"

दीपाही नागपूरचीच, शिक्षकाची मुलगी. भित्री नव्हती. पण अनिका नऊ वर्षांची झाली होती, मराठी मंडळाच्या डान्समध्ये पहिल्या रांगेत होती. पोरीच्या डोक्यावर काही पडू नये एवढंच तिचं म्हणणं.

त्या डान्सची प्रॅक्टिस ऑगस्टमध्ये एकदा बोरकरांच्या बेसमेंटमध्ये ठरली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. विनय आपल्या मुलाला, वीरला, न्यायला खाली उतरला. विनय मूळचा पुण्याचा, मंडळाचा डेकोरेशन-प्रमुख. स्टेशन बघून तो जागीच थांबला.

"संग्राम! हे तू केलंस? अरे यार, हे इथे काय सडवतोयस? आपला गणपती यंदा ह्या स्टेशनवर उतरणार!"

"कुठला गणपती?"

"कुठला म्हणजे? आपला. मंडळाचा. बाप्पा ट्रेननं येतायत, जपान मार्गे न्यू जर्सी. काय कन्सेप्ट आहे यार! दरवर्षी तेच थर्माकोलचे खांब, पब्लिक कंटाळलंय."

संग्रामच्या मनात आलं: ज्या बापानं गौरी-गणपतीला देव मानणार नाही म्हणून शपथ घेतली, त्याच्या फलाटावर गणपती उतरवायचा? दुसऱ्या दिवशी किचनमध्ये दीपाला म्हणालाही तसं.

"देऊन टाक," ती पोळी लाटत म्हणाली. "तुला देवाला हात जोडायला कोण सांगतंय? स्टेशन आहे ते. स्टेशनात कुणीही उतरतं."

हे कारण त्याला पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. खरं कारण वेगळं होतं. इतके हिवाळे बेसमेंटमध्ये एकट्यानं लाकूड कोरलं, कुणी बघितलं नव्हतं. त्याला वाटत होतं लोकांनी एकदा बघावं. शेकडो मराठी माणसं रांगेनं पुढून जातील आणि त्याच्या बापाला मास्तराच्या बरोबरीनं उभं असलेलं बघतील. कुणाला कळो न कळो. बघतील तर.

त्यानं विनयला फोन केला. "देतो. पण एक अट. ती दोन माणसं जिथे आहेत तिथेच राहतील. बाकी काय हवं ते हलव."

"ऑफ कोर्स यार! ते तर शोस्टॉपर आहेत. प्रॉमिस."

गणपती शनिवारीच आला होता यंदा, त्यामुळे मंडळ खुशीत. एरवी पंचांगातला गणपती मंगळवारी येतो आणि मंडळाचा वीकेंडला. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, संध्याकाळी पाचला रिकामा करायचा. सकाळी स्थापना, दुपारी आरती, मुलांचे कार्यक्रम आणि जेवण, चारला विसर्जन. देवाचे दहा दिवस एका पार्किंग तिकिटात बसवलेले. उदबत्ती, कापूर बंद, फायर अलार्म वाजतो. आरतीच्या तबकात बॅटरीची निरांजनं.

सकाळी स्टेशन स्टेजवर मांडून झालं, तशी गर्दी जमली. नीलांबरी काकू पुढे आल्या. काकू मंडळाच्या अध्यक्ष. तीस वर्षांपूर्वी आलेल्या, स्वतःच्या हातानं मंडळ उभं केलेल्या. नव्या पोरांना पहिल्या थंडीत जॅकेट देणाऱ्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवणाऱ्या. दीपालासुद्धा ताप आला तेव्हा खिचडी घेऊन आल्या होत्या. वाईट बाई नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं कुणी एका बाईच्या माथी मारून मोकळं होणार नाही.

काकूंनी चष्मा वर केला. "अगं बाई, हा स्टेशनमास्तर स्वतः झाडतोय?"

"हो काकू," संग्राम म्हणाला. "रोज सकाळी झाडायचा. कुबोता नाव त्याचं."

"बघा रे मुलांनो! इकडे या सगळे. ह्याला म्हणतात डिग्निटी ऑफ लेबर. एवढा मोठा ऑफिसर, पण हातात झाडू घ्यायला लाज नाही. म्हणून जपान पुढे गेला. आपल्या लोकांना कळेल तो सुदिन." मग त्यांचं बोट पुढे सरकलं. "आणि हे आजोबा कोण? गोड आहेत माकडटोपीत."

अनिका नऊवारी सावरत पुढे झाली. पोरगी अभिमानानं फुलून आली होती. "दॅट्स माय आजोबा! ही वॉज अ स्वीपर. रिअल स्टेशनवर. इन इंडिया."

गर्दीतली माणसं लगेच बोलायची थांबत नाहीत. आधी आवाज पातळ होतो. तसा तो झाला.

"स्वीपर म्हणजे... रेल्वेत होते?" काकूंनी अनिकाला न विचारता संग्रामला विचारलं.

"सफाईवाला होता माझा बाप. जन्मभर."

"अच्छा, अच्छा. नाही, आम्ही समजत होतो तुम्ही बोरकर म्हणजे गोव्याकडचे."

"नाही काकू. वऱ्हाडातले. नागपुरात वाढलो."

"हो का," काकू म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "छान."

मराठी माणसाचं हे 'छान' फार पोचलेलं असतं. शिवी देणारा निदान तोंड तरी दाखवतो. 'छान' म्हणणारा दार लावून घेतो आणि कडीचा आवाजसुद्धा येऊ देत नाही.

पाच मिनिटांत विनय आला. "संग्राम, यार, एक काम कर ना. बर्फ संपलाय. जरा ड्राइव्ह करून घेऊन येतोस?"

संग्राम बर्फ आणायला गेला. परत आला तेव्हा स्थापना झाली होती. फलाटाच्या मधोमध गणपती बसला होता, गळ्यात हार, भोवती माळा. उजवीकडे कुबोता, टोपी घालून, मोजे घालून, झाडू घेऊन. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. जिथे बा होता तिथे प्लास्टिकच्या मोदकांची ताटली होती. कुबोता मोदकांना वाकून नमस्कार करतोय असं दिसत होतं.

संग्रामनं बर्फाच्या पिशव्या तिथेच खाली ठेवल्या.

"विनय. माझा बाप कुठाय?"

"अरे, जागा कमी पडत होती यार. पाट बसेना. तात्पुरतं काढलंय."

"मास्तरला जागा पुरली?"

विनयनं काकूंकडे बघितलं. मित्र असले की असेच असतात, वेळ आली की दुसऱ्याकडे बघणारे.

काकू जवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "चिडू नकोस रे. गणपतीच्या समोर केरसुणी बरी दिसत नाही, एवढंच. तूच सांग, दिसते का?"

"मास्तरच्या हातात काय आहे मग? गुलाबाचं फूल?"

"अरे, ते जपानी आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ते... वेगळं दिसतं ना. त्यांचं कल्चर आहे ते. आपल्या माणसाच्या हातात दिसलं की लोकांचं लक्ष नको तिकडे जातं. पन्नास जण पन्नास प्रश्न विचारतील. तुमच्याच दृष्टीनं बोलतेय मी. अनिकाच्या."

"दिवाळीला तुम्ही केरसुणी विकत आणता, काकू. हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पाया पडता. माहितीये मला. बाच विकायचा सणाला, शिंदीच्या फडांच्या बांधून. म्हणजे केरसुणी चालते. धरणारा चालत नाही."

"आता तू शब्दाला शब्द वाढवतोयस."

"मग स्टेशन काढतो माझं. घेऊन जातो."

"कसं काढणार?" विनय घाईनं म्हणाला. "प्राणप्रतिष्ठा झाली यार. उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवत नाहीत."

हे मात्र खरं होतं. देव बसला होता त्याच्या स्टेशनवर, आणि आता स्टेशन त्याचं राहिलं नव्हतं. संग्रामला हसू आलं, बा हसायचा तसलं. गावात विहिरी गेल्या, गावठाणं गेली, ती अशीच. आधी देव बसवायचा, मग म्हणायचं आता हलवता येत नाही.

"बाप कुठाय माझा?" त्यानं पुन्हा विचारलं.

"असेल बॉक्समध्ये."

बॉक्स स्टेजमागे होता. पेपर नॅपकिन, जास्तीचे चमचे, चिकटपट्टी. त्यात बा डोक्यावर उभा होता, माकडटोपी खाली, झाडू वर. संग्रामनं त्याला काढून खिशात ठेवलं.

दीपा धावत आली. तिला कुणीतरी सांगितलं असणार, किंवा कुणीच न सांगता कळलं असणार. कळतं.

"संग्राम, आज नको. आरतीनंतर तिचा डान्स आहे. तिला बघ, किती खूश आहे. माझी शपथ."

"मी काय करतोय?"

"तू काही करत नाहीयेस तेच भीतीचं आहे."

आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, माइकवर विनय. सगळे डोळे मिटून डुलत होते. संग्राम गर्दीतून सरळ पुढे गेला, चपला बाहेर काढून, रीत न मोडता. स्टेजवर चढला. मोदकांची ताटली उचलून बाजूला ठेवली. खिशातून बा काढला आणि कुबोताच्या समोर उभा केला, होता तिथे, झाडूला झाडू लावून.

झांजा चुकल्या. पुढच्या दोन रांगांच्या टाळ्या थांबल्या. विनयनं माइक तोंडाजवळ ओढला आणि आवाज वाढवला. मागच्यांना काही दिसलं नव्हतं, त्यांनी तो उचलून धरला. आरती पुढे गेली.

संग्राम खाली उतरून उभा राहिला. बा उभा होता. सगळ्यांच्या देखत उभा होता. झालं, त्याला वाटलं. एवढंच तर हवं होतं.

मग मंत्रपुष्पांजली. फुलांची परडी फिरली, ज्याच्या त्याच्या हातात फुलं आली. पहिला मान काकूंचा. काकू स्टेजवर चढल्या, ओंजळ भरून शेवंती. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि ओंजळ रिती केली. गणपतीच्या पायांवर नव्हे. फलाटाच्या त्या टोकाला. नेम धरून.

माकडटोपीचं टोक तेवढं वर राहिलं.

मागून विनय. मग विनयची बायको. मग रांग. पुढच्यानं जिथे टाकलं तिथे मागचा टाकतो, देवळातली शिस्तच ती. शेवंती, झेंडू, पाकळ्या. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी टाकली, ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांनीही भक्तिभावानं टाकली. बघता बघता ढीग झाला. कुबोता तेवढा दिसत राहिला, फुलं झाडत असल्यासारखा.

आपल्याकडे लोक दगड मारायचे. दगड लागला की जखम दाखवता यायची, चौकीत जाता यायचं, निदान ओरडता यायचं. इथे फुलं टाकतात. फुलांखाली गाडलेला माणूस काय ओरडणार? आणि ओरडला तर लोक म्हणणार, फुलंच तर आहेत.

संग्रामनं एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात माइकवर अनाउन्समेंट झाली: आता आपली बच्चे कंपनी येतेय! अनिका पहिल्या रांगेत, नाकात चाप लावलेली नथ, डोळे बापाला शोधत असलेले. तिला तो सापडला. तिनं हात हलवला.

संग्राम खाली बसला.

तो बसला, हे लिहायला हवं. पुढे येऊन ढीग उकरला असता, भाषण ठोकलं असतं, तर वाचायला बरं वाटलं असतं. पण पोरगी नाचत होती आणि तो खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता. बानंही हेच केलं होतं जन्मभर. पोराकडे बघून मान खाली घातली होती.

चारला धावपळ सुरू झाली. हॉल पाचला रिकामा करायचा, नाहीतर शाळा जास्तीचे पैसे लावते. उत्तरपूजा घाईत उरकली. मूर्ती पार्किंग लॉटमध्ये नेली, तिथे निळ्या प्लास्टिकच्या टबात विसर्जन. सगळा लोंढा तिकडे. पुढच्या वर्षी लवकर या, असा गजर चालला होता. संग्राम उलटा फिरून हॉलमध्ये आला.

स्टेज लखलखीत होतं. फुलं नव्हती. स्टेशन पुसून काढलेलं. कुबोता उभा होता, एकटा.

"निर्माल्य कुठे गेलं?" त्यानं खुर्च्या उचलणाऱ्या एका पोराला विचारलं.

"कचऱ्यात, काका. मागे, डम्पस्टरपाशी."

मागच्या बाजूला काळ्या पिशव्यांची रास होती. निर्माल्य वेगळं ठेवलेलं नव्हतंच. देवाच्या फुलांखाली लोकांच्या पत्रावळी, चटणी, अर्धे खाल्लेले मोदक. संग्रामनं पहिली पिशवी सोडली आणि झब्ब्याची बाही वर करून हात आत घातला. श्रीखंड लागलं. ओल्या पाकळ्या लागल्या. दुसरी सोडली. गुडघे टेकून बसला तो डांबरावर, रेशमी झब्बा घालून, आणि मुठी मुठीनं कचरा बाहेर काढत राहिला.

तिसऱ्या पिशवीत बा सापडला. धोतर हळदीनं पिवळं झालेलं. पण हात रिकामे होते. झाडू मोडून पडला होता.

"अरे, संग्राम!"

नीलांबरी काकू होत्या. हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात प्रसादाचे डबे. सकाळचं काही झालंच नाही अशा मोकळ्या चेहऱ्याच्या.

"क्लीन-अप तू घेतलंस होय? बरं झालं बाबा. दरवर्षी सगळ्या कामांना लोक मिळतात, क्लीन-अपला म्हणून कुणी साइन-अप करत नाही. पुढच्या वर्षी तुलाच देऊन टाकते कमिटी." आणि त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला. "मनात काही ठेवू नकोस हं. आपण सगळे एकच आहोत इथे."

संग्रामनं वर बघितलं. "काकू, जरा ही पिशवी धरता? दोन्ही हात आत घालायचेत. बाप सापडला, झाडू सापडत नाहीये."

काकू अर्धं पाऊल मागे सरल्या. "अय्या, मी आत्ताच हात धुतले रे."

"हो का," संग्राम म्हणाला. "छान."

ते त्यांना बरोबर पोचलं. चेहरा उतरला. डबे छातीशी धरून त्या गाडीकडे गेल्या. बीप वाजला, दिवे लुकलुकले.

मग अनिका आली, नऊवारीचा काष्टा सुटलेला, हातात नथ. दीपा कोपऱ्यापाशीच थांबली होती, पुढे आली नाही.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग? लोक बघतायत."

"बघू दे."

"वीर म्हणाला, आजोबांमुळे सगळे वियर्ड झालेत." तिनं नाक दाबून धरलं होतं. पिशवीला न लागता ती वाकली आणि त्याच्या तळहातावरच्या बाकडे बघू लागली. बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा उजळला, गणित सुटल्यासारखा.

"बाबा, असंच ठेव ना! झाडू नाहीये तर बेटर दिसतंय. आता ते जस्ट ट्रेनची वाट बघतायत. कुणाला कळणारच नाही."

आईचीच मुलगी. आणि बापाचीही. नऊ वर्षांच्या पोरीला एका दिवसात कळलं होतं ते, जे त्यांनी दोघांनी कपाटाच्या दाराआड तिला रोज शिकवलं होतं.

संग्रामनं तिच्याकडे बघितलं. त्यानं बाला झब्ब्याच्या खिशात उभं केलं, डोकं बाहेर राहील असं. बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि पुढची पिशवी फोडली.